गोदाबाईच्या फोटोतला आवाज

अकोल्यात फ्लेक्स छापून देणारी दुकानं आता पैशाला पासरी झाली आहेत, पण कौशल्या खासबागेच्या दुकानात पाऊल टाकायचं म्हणजे गिऱ्हाइकाला आधी साक्ष द्यावी लागते. वाढदिवसाचा बोर्ड असेल तर ती फारसं बोलत नाही. श्रद्धांजलीचा असेल, सत्काराचा असेल, कुणाच्या फोटोखाली चार ओळी घालायच्या असतील, तर मात्र ती माउसवरचा हात काढून घेते आणि विचारते, "हे ज्याच्याबद्दल लिवलं, त्याले दाखवलं का? थो नसंल तर त्याच्या घरच्यायले?" दाखवलं नसेल तर काम होत नाही. एकदा कुठल्याशा पक्षाचा कार्यकर्ता गावातल्या मयत माणसाचा बोर्ड करायला आला होता. वर पुढाऱ्यांचे हसरे चेहरे, आणि खाली कोपऱ्यात मेलेला माणूस पोस्टाच्या तिकिटाएवढा. कौशल्यानं सांगितलं, याच्या बायकोला घेऊन ये, ती म्हणेल ते छापू. तो तणतणत शेजारच्या दुकानात गेला आणि बाईचं डोकं सटकलं आहे असं जिथंतिथं सांगत सुटला. कौशल्यानं ते खोडून काढायची तसदी घेतली नाही.

डोकं सटकलं हे खरंच आहे. ते कशानं सटकलं, तेवढं सांगायचं आहे.

ते २००६ साल. वऱ्हाडात त्या वर्षी कापसाच्या बोंडांपेक्षा कॅमेरे जास्त उगवले होते. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची बातमी शोधत दिल्लीच्या, मुंबईच्या गाड्या धुरळा उडवत यायच्या, एखाद्या दारापाशी थांबायच्या, बाईला उंबऱ्यावर बसवायच्या, हातात नवऱ्याचा हार घातलेला फोटो द्यायच्या आणि पुढच्या गावाला निघून जायच्या. मरण खरं होतं, दुःखही खरं होतं. पण येणाऱ्याला काय बघायचं ते तो घरूनच ठरवून येत होता, आणि तेच बघून जात होता. गावात माणूस मेला की तो कसा मेला हे कुणी विचारेनासं झालं होतं, कारण उत्तर आधीच तयार होतं.

कौशल्या वरूडकडच्या एका खेड्यातली. बाप खुशालराव, आई गोदाबाई, आणि संत्र्याची बाग. पोरगी एकुलती. अमरावतीच्या एका कॉलेजात कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला होती, होस्टेलवर राहत होती. दिवाळीच्या सुट्टीत घरी आली तेव्हा विहिरीचं पाणी आणखी खाली गेलेलं. त्या भागात सगळ्यांचंच जात होतं. दरवर्षी मोटर थोडी खाली उतरवायची, पाइप वाढवायचा, झाडं जगवायची. त्या दिवशी पाइपाच्या तोंडाची जाळी गाळानं बुजली म्हणून खुशालराव ती काढायला विहिरीत उतरले. एका हातात पाना, कमरेला पक्कड. भिंतीतल्या लोखंडी कड्यांवर पाय देत, अर्ध्यात पोचल्यावर त्यांनी मान वर केली आणि पोरीला म्हणाले, "च्या मांडजो वं कौशी, आलोच मी वर."

ती चहा मांडायला वळली. मागं कडी निसटल्याचा आवाज आला, आणि मग दगडावर पडल्याचा. विहिरीत पाणी गुडघाभरच होतं. पाणी असतं तर माणूस वाचला असता. पट्टीचा पोहणारा होता.

एवढी सरळ गोष्ट. पण तिसऱ्या दिवसाच्या आत ती गोष्ट लोकांनी हातोहात फिरवली. विहिरीत गेला ना, मग झालं. जाणारे-येणारे गोदाबाईसमोर बसून सुस्कारे टाकायचे, आणि ती पान्याचं सांगायला लागली की एकमेकांकडे बघायचे. जवळच्याच एका नातेवाइकानं कानाशी लागून सांगितलं की तसं लिहून दिलंस तर सरकारी मदत मिळेल, काय बिघडलं, गेलेला माणूस तर येत नाही. गोदाबाईनं त्याला घरात पाणीसुद्धा विचारलं नाही. "माह्या मानसानं जे केलं नाही थे मी त्याच्या नावावर लावनार नाही," एवढंच ती म्हणाली. मदत नाकारली, आणि नाकारूनही बोभाटा तोच राहिला. एका पेपरात फोटो आला. त्यात गोदाबाई दारात उभी, एक हात वर, तोंड उघडं. खाली छापलेलं, 'आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याची पत्नी हंबरडा फोडताना.'

कौशल्या तेव्हा आईच्या पाठीमागंच उभी होती. तो हंबरडा नव्हता हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण तेव्हा तिच्या अंगात भांडायचं त्राण नव्हतं. ती कॉलेजात परत आली.

कॉलेजात काय चाललं होतं? शेवटच्या वर्षाच्या मुलांनी गट करून प्रकल्प करायचा होता, आणि विभागप्रमुख गावंडे सरांच्या डोक्यातून एक नवीन कल्पना निघाली होती. छापील वार्षिकांक सगळेच काढतात, आपण सीडीवर काढायचा. पडद्यावर सगळ्या वर्गाचे फोटो. ज्याच्या फोटोवर क्लिक कराल तो मोठा होणार, आणि तो विद्यार्थी आपल्या आवाजात बोलणार. गावंडे सर या सीडीला 'बोलका वार्षिकांक' म्हणायचे आणि म्हणताना छाती थोडी पुढे काढायचे. काम तिघांच्या गटाला दिलं. अंजनगाव सुर्जीची निखत, जिचे वडील गयासुद्दीन यांचा पानमळा होता आणि जिचा चित्रकलेत हात कुणी धरत नव्हतं, तिच्याकडे फोटो आणि सजावट. अकोल्याकडचा बंडू, जो कॉम्प्युटरशी माणसांपेक्षा जास्त बोलायचा, त्याच्याकडे बटणं जोडायचं काम. आणि आवाज कौशल्याकडे.

आवाज घ्यायचे कसे, हाच पहिला प्रश्न. लॅबमधल्या पंख्यांची घरघर रेकॉर्डिंगमध्ये यायची. मग कौशल्यानं युक्ती काढली. त्या काळी वऱ्हाडात लाइट असण्यापेक्षा नसण्याचीच वेळ ठरलेली असायची. लोडशेडिंग सुरू झालं, पंखे बंद पडले, की सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर काढायचा. खोलीतला घुमारा मारायला दोन बेंचांवर गोधडी टाकायची, बोलणाऱ्यानं आत जाऊन बसायचं आणि टेपचा माइक कौशल्यानं बाहेरून आत सरकवायचा. लाइट आले की तो आवाज कॉम्प्युटरमध्ये भरायचा. सगळी अमरावती लोडशेडिंगला शिव्या देत होती आणि हे तिघं त्याची वाट बघत बसायचे. पोट्ट्यांना गोधडीची भारी मजा वाटायची. आत गेलेला मुलगा बाहेरच्यांना दिसत नसे, त्यामुळं खरं बोलायचा. 'मी गुरुजनांचा ऋणी आहे' असं कुणी सुरू केलं की कौशल्या बाहेरून गोधडीवर थाप मारायची, "हे नको. तुह्यं सांग."

स्वतःचा आवाज तिनं सगळ्यात शेवटी भरला. गोधडीत शिरली आणि म्हणाली, "मी कौशल्या. तीन वर्षं मेसचं वरण खाल्लं. परवा त्या वरणात माहा चेहरा दिसला, तर त्यातच पाहून टिकली सरळ केली." बाहेर निखत हसून हसून बेंचावर पडली. बंडूसुद्धा हसला.

यात बापाबद्दल एक अक्षरही नव्हतं, आणि ते मुद्दामच. दिवाळीपासून कौशल्या कुठंही गेली तरी तिच्याआधी तिचं दुःख तिथं जाऊन बसलेलं असायचं. मेसमधली बाई तिला पोळी जास्त वाढायची आणि डोळे पुसायची. वर्गातल्या मुली ती आली की गप्प व्हायच्या. तिला एकच जागा हवी होती, जिथं ती फक्त वरणाला नावं ठेवणारी कौशी असेल. पुढं कधी कुणी ती सीडी लावली तर त्याला ती हसताना सापडावी. पडद्यावरच्या त्या बोटभर चौकोनावर तिचा एवढाच हक्क होता.

फेब्रुवारीत गावंडे सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. मुंबईच्या एका ट्रस्टच्या बाई कॉलेज बघायला येणार होत्या. लॅबला देणगी मिळायची शक्यता होती. सीडी त्यांच्यासमोर लावायची होती. सर म्हणाले की त्यांनी कौशल्याच्या पानावर थोडं काम केलंय. टेबलावर पेपरातलं ते कात्रण होतं, नीट जपून ठेवलेलं. कौशल्याच्या फोटोच्या जागी गोदाबाईचा तो फोटो लावायचा, काळापांढरा. खाली ओळ, 'हंबरडा फोडणारी माता आणि अंधारातून प्रकाशाकडे निघालेली तिची कन्या.' मागं बासरी. आणि मजकूर सरांनी त्यांच्या ओळखीच्या एका बाईंकडून वाचूनसुद्धा घेतला होता.

"सर, माह्या बाबानं आत्महत्या नाही केली," कौशल्या म्हणाली.

"बेटा," सर म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखर मऊ झाला, "लपवू नको. त्यात लाज कसली?"

"लाज नाही सर. थे खरं नाही. ते पाना घेऊन उतरले होते. मले च्या मांडाले सांगतला होता. पानी गुडघ्याएवढं होतं. गुडघाभर पान्यात कोन जीव देते?"

सर ऐकत राहिले, मान हलवत राहिले, तापात बरळणाऱ्या लहान मुलाचं आपण जसं ऐकतो तसं. मग म्हणाले, "तुझ्या मनाला तसं वाटणं साहजिक आहे. मी समजू शकतो. पण जगाला हे कळायला हवं. आणि हे बघ, या पानामुळं उद्या तुझं पुढचं शिक्षणसुद्धा कुणीतरी उचलेल."

चिडलेल्या माणसाशी भांडता येतं. न मानणाऱ्याला पुरावे देता येतात. पण जो मायेनं तुमच्या खांद्यावर हात ठेवून तुम्हालाच तुमच्या घरच्या गोष्टीत खोटं पाडतो, त्याच्यापुढं काय करायचं? पायापासून कानापर्यंत कौशल्याचं अंग पेटलं होतं. सर वाईट माणूस असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. ते वाईट नव्हते. त्यांनी तिच्या बापाचं मरण परस्पर घेऊन टाकलं होतं आणि वर तिच्या डोक्यावरून हात फिरवला होता.

लॅबमध्ये येऊन तिनं दोघांना सांगितलं. बंडूनं पडद्यावरची नजर काढली नाही. "गटाचे मार्क हाय," तो म्हणाला. "पुन्याच्या कंपनीनं याच प्रोजेक्टवर बोलावलं मले. सर म्हनते तर लावून टाकू. कोन पाहून राह्यलं?"

"तुह्या घरचं असतं मंग?" कौशल्या त्याच्यावर ओरडली. "तुह्या घरची बाई अशी टांगली असती, मंग लावलं असतं तू?"

बंडू खुर्ची फिरवून म्हणाला, "माह्या काकानं केली. खरोखरची. फवारनीचं औषध घेतलं. पन शेत आज्याच्या नावावर होतं. मंग साहेब म्हने, हा शेतकरीच नोयता. काकू हापिसाच्या पायऱ्या चढूउतरू थकली. त्याचा तर कोनं फोटोबी नाही काढला. ज्यानं केली त्याले म्हनते नाही केली, ज्यानं नाही केली त्याले म्हनते केली. मी कोनाकोनावर चिडू?"

तीन वर्षांत त्यानं हे कधी बोलून दाखवलं नव्हतं. कौशल्या खाली बसली. तिचा राग कमी झाला नाही, पण तो आता तिच्या एकटीचा राहिला नव्हता.

निखतनं तोवर सरांनी दिलेलं कात्रण स्कॅन करून पडद्यावर घेतलं होतं आणि फोटो मोठा करत चालली होती. हात, पदर, चेहरा. मग फक्त चेहरा. पेपरातले ठिपके फुटून दिसायला लागेपर्यंत तिनं तो मोठा केला आणि एकदम म्हणाली, "कौशी, इकडं ये. हे रडून नाही राहिली. देख, आँख एकदम सूखी आहे. दात कशे आवळले पाह्य. अगं, ये तो गाली दे रही है."

कौशल्यानं पाहिलं. आई होती. तीच होती.

"हात पन पाह्य," निखत म्हणाली. "छाती पिटायले नाही उचलला. सामने वाले का कैमरा पकडने को उठाया है. काय म्हनून राहिल्या होत्या काकू तेव्हा?"

काय म्हणाली होती ते कौशल्याला शब्द न् शब्द आठवत होतं. तिनं टेपरेकॉर्डर उचलला, नवीन सेल घेतले आणि वरूडची एसटी धरली.

गोदाबाई अंगणात संत्र्याची वाळकी काटकं मोडत बसली होती. बागेतली निम्मी झाडं त्या उन्हाळ्याआधीच उभी वाळली होती आणि आता चुलीला लागत होती. कौशल्यानं सरांचं सांगितलं, फोटोचं सांगितलं. गोदाबाई काटकं मोडत राहिली.

"जाऊ दे," ती म्हणाली. "लोकायच्या तोंडाले कोन लागते."

"माय, त्या दिवशी त्या फोटोवाल्याले तू काय म्हनली होती?"

"काय म्हनलं असंल. तोंडाले आलं थे म्हनलं."

"थेच मले पाह्यजे. यात बोल. मी ऐकवतो त्यायले."

गोदाबाईनं काटकं खाली ठेवली. टेपरेकॉर्डरकडे बघितलं, पोरीकडे बघितलं. कौशल्या गोधडी आणायला उठली तर म्हणाली, "गोधडीत कायले? मी का चोर हावो?" मग उठून उभी राहिली, पदर खोचला, आणि जसा तो माणूस कॅमेरा घेऊन समोर उभा आहे तशी दाराकडे तोंड करून बोलायला लागली. गावात लाइट नव्हते. शेजारचा कोंबडा सोडला तर कसलाही आवाज नव्हता. कौशल्यानं बटण दाबलं आणि आईचा हात त्याच उंचीपर्यंत वर जाताना पाहिला.

सीडीत प्रत्येक आवाजाची एक फाईल होती आणि बटण तिला नावानं हाक मारायचं. सरांनी दिलेली बासरीची फाईल कौशल्यानं काढली आणि त्याच नावानं आईची ठेवली. फोटो सरांना हवा होता तोच राहू दिला, काळापांढरा. खालची ओळही त्यांचीच. निखतनं एवढंच केलं की सरांनी पानासाठी कातरलेला फोटोच्या कडेचा भाग, ज्यात फोटो काढणाऱ्याची सावली होती, तो परत जोडला, म्हणजे तो हात कुणाकडे उगारला आहे ते दिसावं.

सीडी जाळायचं, म्हणजे सगळं कोऱ्या सीडीवर उतरवायचं काम बंडूचं होतं. जाळण्याआधी तो प्रत्येक बटण दाबून बघायचा, ती त्याची सवय होती. त्यानं कानाला हेडफोन लावला आणि एकेक फोटो दाबत गेला. कौशल्याच्या चौकोनावर येऊन थांबला. दाबलं. त्याचा चेहरा हलला नाही. ऐकून झाल्यावर त्यानं हेडफोन काढला, कौशल्याकडे बघितलं. तिनं विनवणी केली नाही. मार्क त्याचेही होते, पुण्याची नोकरी त्याची होती. बंडूनं ड्राइव्हमध्ये कोरी सीडी सरकवली आणि म्हणाला, "आवाज थोडा वाढवून देतो. मागच्यायले ऐकू गेला पाह्यजे."

कार्यक्रमाला सभागृह भरलं होतं. जनरेटर लावला होता, म्हणजे पाहुण्यांपुढं लाइट जाऊ नये. ट्रस्टच्या बाई साध्या होत्या, सुती साडीतल्या, सगळ्यांशी हसून बोलणाऱ्या. एक-दोन फोटो त्यांनी स्वतः दाबले, मुलं गोधडीतून जे बोलली होती ते ऐकून मनापासून हसल्या. मग गावंडे सर माइक घेऊन उभे राहिले. आवाज खाली आणला. म्हणाले, आता एक असं पान, जे पाहताना आमचेही डोळे पाणावतात. त्यांनी बाईंना विनंती केली की हे पान आपल्या हस्ते उघडावं. बाईंनी चेहरा गंभीर केला आणि क्लिक केलं.

पडद्यावर गोदाबाई उभी राहिली, भिंतीएवढी. बासरी वाजली नाही. कोंबडा आरवला.

"ऊठ. ऊठ तथून," गोदाबाई म्हणाली. "माह्या घरात मानूस मेला, मी तमाशा नाही मांडला. कोनाले इचारून आला तू? रड म्हनते मले? तुह्या म्हनन्यानं रडू? माहा मानूस काम करता करता मेला. हातात पाना होता त्याच्या. जीव द्याले जानारा मानूस पाना घेऊन उतरते का? च्या मांड म्हने पोरीले. च्या उकळून उकळून आटला चुलीवर. पानी राह्यलं नाही इहिरीत म्हून मेला थो. पानी कुठी गेलं, जाय, त्याचा फोटो काढ. हे लिव. लिवता येत नसंल तर चालता हो."

गावंडे सर धावत कॉम्प्युटरपाशी आले. बाईंच्या हातातून माउस घेतला आणि आवाज बंद करायला फोटोवर क्लिक केलं. पण बटण तसं जोडलेलंच नव्हतं. दाबलं की आवाज पहिल्यापासून सुरू व्हायचा, आणि आधीचाही चालू राहायचा. पहिली गोदाबाई पान्यापर्यंत पोचली होती, तेवढ्यात दुसरी 'ऊठ तथून' म्हणाली. सरांनी पुन्हा दाबलं. तिसरी सुरू झाली. सर घामाघूम होऊन दाबत होते आणि तेवढ्या गोदाबाया सभागृहात उभ्या राहून एकमेकींवर ओरडत होत्या, पाना, च्या, इहीर, लिव, लिव.

कौशल्या जागेवर उभी राहिली.

"सर, दाबू नका," ती म्हणाली. "दाबलं का थे पुन्हा पहिल्यापासून बोलते."

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. शेवटी कुणी तरी स्पीकरची वायर उपसली. पडद्यावर गोदाबाई तशीच राहिली, हात उगारून. ट्रस्टच्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, आणि हलक्या आवाजात विचारलं, "हे खरं आहे का?"

त्यांनी हे गावंडे सरांना विचारलं. कौशल्या समोर उभी होती, तिची आई पडद्यावर होती, आणि बाईंनी सरांना विचारलं. त्या सगळ्या प्रकरणात कौशल्याच्या मनात जर काही कायमचं रुतलं असेल, तर ते हे.

पुढं व्हायचं तेच झालं. गटाला जेमतेम पास होण्यापुरते मार्क पडले. बंडूला पुण्याच्या त्या कंपनीनं घेतलं नाही, दुसरीकडं लागायला त्याला वर्ष गेलं. तो कौशल्याला त्याबद्दल कधी काही बोलला नाही. तिनंच एकदा विषय काढला तर म्हणाला, "माह्या काकूले ऐकवली थे सीडी," आणि फोन ठेवला. वर्गाला जी सीडी वाटली तिच्यातून कौशल्याचं पान काढून टाकलं. आईचा फोटो गेला, सरांची ओळ गेली, आणि वरणातली टिकलीही गेली. सगळ्या वर्गाच्या त्या बोलक्या वार्षिकांकात कौशल्या नावाची मुलगी शिकायलाच नव्हती. तिनं एवढा जपलेला तो बोटभर चौकोन तिला मिळालाच नाही, आणि ही गोष्ट आजही निघाली की ती हातातलं काम टाकून बाहेर जाऊन उभी राहते.

लग्नानंतर ती अकोल्याला आली, दुकान टाकलं. बाग पुढं पुरती वाळली तेव्हा गोदाबाईलाही इकडंच घेऊन आली. म्हातारी आता दुपारची दुकानात बसते, येणाऱ्या-जाणाऱ्याला निरखते. कुणाच्या बोर्डावर कुणाचा फोटो लहान आणि कुणाचा मोठा हे बरोबर ओळखते आणि पोरीला मोठ्यानं सांगते.

मागच्या दिवाळीत बंडू भेटायला आला तेव्हा त्यानं ती पहिली सीडी आणून दिली, त्यानं जाळलेली. इतकी वर्षं जपून ठेवली होती. सीडी चालवायला जुनं ड्राइव्ह कुठून तरी आणावं लागलं. कौशल्यानं आईला कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि फोटो दाबला. गोदाबाईनं त्या दिवसानंतर स्वतःचा तो आवाज कधी ऐकला नव्हता. तिनं मान तिरपी करून सगळं ऐकलं, पार 'चालता हो' पर्यंत. काउंटरवर एक गिऱ्हाईक कागद हातात धरून उभं होतं.

"एवढी हळू काहून बोलली मी?" गोदाबाई म्हणाली.

तिनं पोरीच्या हातातून माउस काढून घेतला, पडद्यावरच्या स्वतःच्या उगारलेल्या हातावर बाण नेला, आणि दाबला. तो आवाज संपायच्या आत पुन्हा दाबला. आणि पुन्हा.